खंडेनवमीला भिजलेली कार्डं

जोतीराम बर्गे मला पहिल्यांदा भेटला तो भांडतच. त्र्याहत्तर साल. कोरेगाव तालुक्याच्या टोकाच्या गावांत वीज पोचेपर्यंत तिचा जीव गेलेला असायचा आणि पंपाच्या मोटारी जळायच्या. त्यासाठी मी साताऱ्यात मोर्चा काढला होता. भाषण संपलं तसा इस्त्रीच्या शर्टातला एक मास्तर पुढं आला आणि म्हणाला, "घोषणेनं व्होल्टेज वाढत न्हाई, गड्या."

माझं डोकं फिरलं. मी त्याची गचांडीच धरणार होतो, पण मास्तर बोलला ते आमच्याच बोलीत. मग चहाच्या टपरीवर त्यानं मला समजावलं. कुठल्या गावाला ट्रान्सफॉर्मर बसवला म्हणजे टोकापर्यंत वीज धडपणी जाईल, याचं एक गणित असतं. हातानं करायला बसलं तर माणूस म्हातारा होईल, कंप्युटर ते एका दिवसात करतो. मी म्हटलं, मग करा की. तर म्हणाला, मी शिकवतो त्या सांगलीच्या कॉलेजात कंप्युटर आहे कुठं?

बर्गे कोरेगावकडचाच. बाप फौजेत हवालदार, आई राहीबाई रानात. पोरगा सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात विजेच्या यंत्रांचा लेक्चरर झाला, मग कानपूरला जाऊन कंप्युटर शिकून आला. नोकरी सोडून अमेरिकेला जायची सोय होती, त्याच्या बरोबरचे गेलेही. हा परत आला. का आलास असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, तिकडं शिकवणारे लय आहेत.

यंत्र नाही तर नाही, हा पठ्ठ्या बाकांवर पोरं बसवून त्यांचाच कंप्युटर करायचा. एका पोरानं आकडा ध्यानात ठेवायचा, दुसऱ्यानं बेरीज करायची, तिसऱ्यानं ती बरोबरच्या बाकावर पोचवायची, आणि दारातल्या पोरानं उत्तर ओरडायचं. बाकीचे प्राध्यापक बाहेरून बघून हसायचे. पोरं मात्र तास चुकवत नव्हती.

संस्थेचे चेअरमन भाऊसो. ऊसवाले, वजनदार. त्यांच्या मनात आलं की आपल्या कॉलेजात कंप्युटरचा विभाग पाहिजे. बर्गेला बोलावून ते म्हणाले, काहीतरी करून दाखवा, विभाग काढू, प्रमुख तुम्हीच. बर्गे एवढ्या एका शब्दावर कामाला लागला. आमच्याच गावांच्या विजेचं गणित त्यानं घेतलं. मुंबईच्या एका मोठ्या संस्थेनं दसऱ्यानंतरचा एक दिवस आपला कंप्युटर वापरायला दिला. तेव्हा कंप्युटरला गणित सांगायचं तर जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडून सांगावं लागायचं. एका ओळीला एक कार्ड. पुण्याला खेपा घालून त्यानं ती पाडून आणली. दोन खोकी भरली. कार्ड वाकायला नको, भिजायला नको, क्रम मोडायला नको. त्याच्या खोलीचं छत गळत होतं, म्हणून खोकी त्यानं प्रिन्सिपॉलच्या कपाटात ठेवली.

आणि खंडेनवमी आली.

त्या दिवशी आमच्याकडं सगळ्या हत्यारांची पूजा होते. कॉलेजच्या वर्कशॉपात लेथला झेंडूची माळ, वेल्डिंगच्या यंत्राला कुंकू, रांगेनं सगळं. भाऊसो नारळ फोडायला यायचे, फोटोवाला यायचा. मला बर्गेनंच बोलावलं होतं, त्यामुळं पुढचं मी डोळ्यांनी बघितलं.

लेथची पूजा झाल्यावर भाऊसोंनी विचारलं, कंप्युटर कुठाय? प्रिन्सिपॉल पळत गेले आणि खोकी घेऊन आले. झाकणं काढून पाटावर ठेवली. ताम्हण आलं, गंध कालवलेलं. भाऊसो चमच्यानं पाणी सोडणार, तेवढ्यात बर्गे मध्ये आला.

"भाऊसो, झाकण लावून पूजा करू. आत वलं लागलं तर यंत्र घेणार न्हाई."

"तुमचे वडील फौजेत होते न्हवं?" भाऊसो म्हणाले. "बंदुकीला कुंकू लावत न्हवते का?"

"लावत व्हते की. नळीत भरत न्हवते."

वर्कशॉपातली पोरं खदखदली. एक मिस्त्रीसुद्धा तोंड फिरवून हसला. मीही मोठ्यांदा हसलो, कशाला खोटं बोलू. भाऊसो हसले नाहीत. त्यांनी नारळ उचलला आणि पाटाच्याच कडेवर आपटला. पाणी सरळ खोक्यात. वर हळदकुंकवाची मूठ टाकली, फोटोवाल्याकडं बघून हात जोडले आणि गेले. मुद्दाम केलं का? मी कोर्टात नाही, म्हणून पुरावा मागू नका. मुद्दाम केलं.

बर्गेनं कार्डं पंख्याखाली वाळवली, एकेक पुसली, वह्यापुस्तकांत दाबून सरळ केली. नवी पाडायला वेळ उरलाच नव्हता. मिरजेहून गाडीत बसून मुंबईला गेला. तिथं कार्डं वाचणाऱ्या यंत्रानं काही घेतली आणि मग फुगलेलं एक कार्ड अडकून बसलं. यंत्र उघडलं तर आत हळद. तिथल्या माणसानं खोकी त्याच्या हातात परत दिली आणि सांगितलं, पुन्हा येऊ नका.

सांगलीत गाजावाजा वेगळाच झाला. बर्गे मुंबईला जाऊन हात हलवत परत आले, यांना कंप्युटर येतच नाही. नारळाचं नाव कुणी काढलं नाही. लेथजवळ उभे राहून बघणारे सगळे प्राध्यापक एकदम आंधळे झाले. मी कॉलेजला घेराव घालतो म्हटलं, तर बर्गेनंच अडवलं. म्हणाला, तू गोंधळ घातलास तर विभाग येणारच न्हाई. पुढं आणीबाणी आली आणि मी आत गेलो.

बाहेर आलो तेव्हा विभाग मंजूर झाल्याचं कळलं. प्रमुख नेमायचा होता. भाऊसोंनी बर्गेला निरोप धाडला होता, यंदाच्या खंडेनवमीला पूजेला तुम्ही बसा, आपल्या हातानं कार्डांना कुंकू लावा, मग बघू. मला वाटलं, हवालदाराचं पोरगं, हा निरोप तोंडावर फेकेल.

तो बसला. सोवळं नेसून, पाटासमोर, कोऱ्या कार्डांची थप्पी पुढ्यात घेऊन. एकेका कार्डाला बोट लावत गेला. भाऊसो खुर्चीत बसून बघत होते, आणि या खेपेला हसत होते.

दिवाळीनंतर प्रमुखाची ऑर्डर निघाली ती अनंत नावाच्या पोराच्या नावानं. तो भाऊसोंचा जावई. बर्गेच्याच हाताखाली शिकलेला, दोनदा नापास झालेला.

मी तडक बर्गेच्या घरी गेलो आणि नाही नाही ते बोललो. बसलास कशाला? पाठीचा कणा विकून काय मिळालं? त्याच्या आईनं आतून चहा आणून ठेवला.

"पद मिळंल वाटलं," तो म्हणाला. "तूबी कलेक्टरपुढं हात जोडतोसच की."

"मी लोकांसाठी जोडतो."

"मग मी काय ऊस लावणार व्हतो त्या विभागाच्या खोलीत?"

मला राग आणखीच आला. चहा तसाच ठेवून उठलो.

खरी लाज पुढंच आहे. जावयाला अभ्यासक्रम लिहिता येईना. प्रिन्सिपॉलनी कोरे कागद बर्गेकडं धाडले आणि यानं सगळा अभ्यासक्रम लिहून दिला, कुठल्या महिन्यात काय शिकवायचं इथपर्यंत. वर नाव जावयाचं छापलं. नव्या विभागाची पहिली तुकडी अठ्ठ्याहत्तरच्या जूनमध्ये बसली. बर्गेला पहिल्या वर्षाचं ड्रॉइंग दिलं, वरच्या मजल्यावर.

मी विचारलं, लिहून का दिलंस? तो म्हणाला, पोरांनी फी भरल्या व्हत्या. मग पेन्सिलीला टोक काढत बसला. तास सुरू व्हायला अवकाश होता, आणि खाली जावई बर्गेचाच कागद पोरांना वाचून दाखवत होता. अडखळत. वर ऐकू येत होतं.