सरांना सांगून आले

मंडळी, मी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. उसाच्या रानातल्या मातीतले जिवाणू हा माझा थिसिसचा विषय. गणपती झाल्यापासून माझ्या गाईड सरांनी माझं लिखाण उघडूनसुद्धा बघितलेलं नाही. त्यांच्याच व्हरांड्यातल्या दुसऱ्या लॅबच्या मॅडम मला घ्यायला तयार आहेत. म्हणून आज सरांना स्पष्ट सांगायचं ठरवूनच गेलते. राजारामपुरीपासून गाडीवर तेच वाक्य घोकत होते.

केबिनमध्ये शिरले तर सरच आधी बोलले, "गावाकडं गेलतीस व्हय? तुझ्या जिवाणूंच्या प्लेटा इन्क्युबेटरमध्येच राहिल्या होत्या. सुकतील म्हणून काल येऊन फ्रिजमध्ये ठेवल्या."

काल रविवार होता.

तरी मॅडमच्या लॅबला जाते म्हणून सांगितलं, आणि रडू येत होतं म्हणून जरा चिडूनच बोलले.

सर म्हणाले, "जा की. मला वेळ होत न्हाय, हे मीच तुला सांगायला पायजे होतं."

मी दारात पोचले तेव्हा मागून आवाज आला, "प्लेटा उलट्या धरून ने. झाकणाचं पाणी आत पडलं तर सगळं बिघडतंय."

गणपतीपासून मला मिळालेलं हे पहिलं मार्गदर्शन.

सर वाईट असते तर आज मी मैत्रिणींना मिसळ खायला घातली असती. उद्यापासून मॅडमच्या लॅबला जाताना रोज त्यांच्याच दारावरनं जायचंय.

तुमच्यापैकी कुणी चांगल्या माणसाला असं सोडून गेलंय का? दारावरनं जाताना तुम्ही आत बघत होता, का सरळ पुढं जात होता?