तुमाले एक मानूस देतो

"चाला साहेब, तुमाले एक मानूस देतो."

असं म्हणून भाई मनगट धरायचे. हात मिळवणं नाही, खांद्यावर हात टाकणं नाही. वैद्यानं नाडी बघावी तसं थेट मनगट. मग गर्दीतून ओढत न्यायचे. आपल्या दुसऱ्या हातातल्या कपातला चहा वाटेत कोणाकोणाच्या पँटवर सांडला, याची चौकशी आपण मागाहून करायची.

कामाच्या ठिकाणची कार्यक्षमता वाढवण्याच्या परिषदेला तुमच्यापैकी कोणी गेलं असेल, तर त्या कार्यक्रमपत्रिकेतली एक ओळ तुम्हाला आठवेल: 'चहा व नेटवर्किंग'. उद्घाटन, पुण्याहून आलेल्या वक्त्याचं भाषण, वर्तमानपत्रांचा मनोरा उभा करायचा खेळ आणि या सगळ्याच्या मधे ती अर्ध्या तासाची ओळ. बाकीचे लोक त्या अर्ध्या तासात मोबाइल बघायचे. भाई मात्र त्या अर्ध्या तासासाठीच आलेत असं वाटायचं. खरं कशासाठी यायचे, ते कळायला मला बरीच वर्षं लागली.

आम्ही सगळे त्यांना भाईच म्हणायचो. अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एका तेल गिरणीचं स्टोअर ते सांभाळायचे. मी त्याच एमआयडीसीतल्या दाल मिलमध्ये कामगार अधिकारी. दोघांच्या फाटकांमधे एक पानठेला आणि एक कडुनिंब एवढंच अंतर. पण आमची भेट व्हायला अमरावतीच्या कॅम्प भागातल्या हॉटेलचा हॉल लागला.

पहिल्या परिषदेला मी मुद्दाम व्हिजिटिंग कार्डं छापून नेली होती. मालकांनी बजावलं होतं, नुसतं जेवून येऊ नका, ओळखी करून या. मी लग्नातल्या अक्षतांसारखी कार्डं वाटत सुटलो. एका गृहस्थांना तीन वेळा दिलं. तिसऱ्या वेळी त्यांनी पहिली दोन परत केली. एका रुबाबदार माणसाला मी कार्ड देऊन त्याच्या उद्योगाची माहिती विचारली, तर तो म्हणाला, "जिलेबी आजून गरम हाये, लवकर घ्या." तो केटरर होता.

हे सगळं खांबाला टेकून बघणारे एक उंच, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ जवळ आले. "पत्ते वाटून राहिले काय साहेब? हुकूम कोनता हाय?" मी काही बोलायच्या आत माझं मनगट धरलं गेलं होतं.

त्यांचं म्हणणं असं की ओळख म्हणजे सोयरीक. ती आपली आपण जमवत नसतात, मधे तिसरा माणूस लागतो. आपण आपल्याच तोंडानं आपले गुण सांगितले की समोरचा मनात भाव पाडतो. तिसऱ्यानं सांगितले की ऐकून घेतो. म्हणून ते स्वतः मध्यस्थ व्हायचे. अंजनगावच्या जिनिंगवाल्याला बॉयलर दुरुस्त करणारा मिळवून दिला, तो या अर्ध्या तासात. एका सूतगिरणीतल्या कटकट्या सुपरवायझराला कापडवाल्याच्या हवाली केलं, तेही इथंच. आणि दोन्ही पक्ष आनंदात. सुपरवायझराबद्दल त्यांनी एवढंच सांगितलं होतं की हा माणूस दिवसभर एका जागी बसत नाही.

मला त्यांनी पाच-सहा मालकांपुढे उभं केलं ते असं: "हे साहेब पाहून घ्या. यायनं सोमवारची गैरहजेरी खतम केली." गोष्ट खरी होती. सोमवारी वेळेवर येणाऱ्या प्रत्येकाला मी गरम कचोरी सुरू केली होती. माणसं झाडून येऊ लागली. एकेक जण चार चार कचोऱ्या खायचा आणि दुपारपर्यंत मिल पोटावर हात ठेवून पोत्यांना टेकलेली असायची. उत्पादन इतकं पडलं की मालकांनी मलाच बोलावून घेतलं होतं.

"भाई, ते उत्पादनाचं काहून नाही सांगितलं?" मी नंतर हळूच विचारलं.

"नवरदेव घोरते, हे मध्यस्थ सांगते का कुठी?"

दरवर्षी ही परिषद दोन दिवस अमरावतीला भरायची, नेहमी आठवड्याच्या अधल्यामधल्या वारी. भाईंचं एक कोडं होतं. पहिल्या दिवशी पाच वाजले की ते दिसेनासे व्हायचे. संध्याकाळच्या जेवणाला, जिथं खऱ्या ओळखी होतात असं पुण्याचे वक्ते सांगायचे, तिथं ते एकदाही थांबले नाहीत. आम्ही आपापले अंदाज बांधले होते. कोणी म्हणे नमाजाला जातात, कोणी म्हणे त्यांना पनीर चालत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते यायचे तेव्हा शर्टाला कडक इस्त्री, दाढीला अत्तराचा वास आणि चेहरा सासुरवाडीहून आल्यासारखा. आम्ही हॉटेलच्या खोल्यांमधून चुरगळून उतरलेलो असायचो.

मग एका वर्षी आयोजकांना वाटलं, अकोल्याला मान द्यावा. परिषद आमच्या एमआयडीसीच्या सभागृहात ठरली आणि स्वागताचं काम माझ्या गळ्यात आलं. मी खूश. भाई तर घरचेच, चहाच्या वेळेची काळजी नाही. त्या दिवशी सगळे आले. मोर्शीचे आले, अंजनगावचे आले. भाई आले नाहीत. त्यांची तेल गिरणी सभागृहाच्या खिडकीतून दिसत होती.

चहाच्या अर्ध्या तासात चाळीसेक माणसं कप घेऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी यजमान म्हणून दोघांची ओळख करून द्यायला गेलो. दोघं सख्खे साडू निघाले आणि तीन वर्षं बोलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी संपता संपता मी तणतणत तेल गिरणीत गेलो. भाई स्टोअरमध्ये डब्यांच्या थप्पीमागे बसले होते. मी विचारलं, बरं नव्हतं का? ते म्हणाले, बरं आहे. मग मालकांनी सोडलं नाही का? सोडत होते, मीच नको म्हटलं.

"अकोल्यात भरली ना साहेब परिषद. मंग मी येऊन काय करू?"

मला कळेना. तेव्हा त्यांनी स्टूल पुढे सरकवलं आणि सांगितलं. त्यांच्या बेगम अमरावतीला मुलींच्या उर्दू शाळेत शिकवतात. अनुदानित शाळा, पक्की नोकरी, तिची बदली होत नाही. भाईंची नोकरी अकोल्यात, तीही पक्की. लग्न झालं तेव्हा दोघांच्या घरच्यांनी म्हटलं, वर्षभरात काही तरी जमेल. ते वर्षभर अजून संपलं नव्हतं. शनिवारी संध्याकाळी भाई एसटीनं अमरावतीला जायचे आणि सोमवारी पहाटेच्या पहिल्या गाडीनं परत. मुलगी लहान होती तेव्हा शाळेत कोणी विचारलं तर सांगायची, माझे इतवारवाले अब्बा आहेत. आता तिचंही लग्न झालं होतं.

"परिषद असली का कामाच्या दिवशी घरी राहाले भेटते," ते म्हणाले. "बेगम शाळेतून येते, मी दार उघडतो. रविवारी मी पाहुणा असतो साहेब. मंगळवारी घरचा."

वर्षाकाठी एक संध्याकाळ. एवढ्यासाठी हा माणूस पुण्याचे वक्ते ऐकत होता आणि वर्तमानपत्रांचे मनोरे बांधत होता.

मी म्हटलं, भाई, तुम्ही अख्ख्या वऱ्हाडाला माणसं दिली, तुमच्यासाठी अमरावतीत कोणी मालक नाही सापडला? त्यांनी डब्याचं झाकण नीट बसवलं. "आपली सोयरीक आपण सांगत नसतात." आणि दुसऱ्या कोणाला मध्यस्थ व्हा म्हणणं, तेही त्यांच्या स्वभावात नव्हतं.

त्या दिवसापासून आमची संध्याकाळची बैठक सुरू झाली. दोन फाटकांमधल्या त्या ठेल्यावर, सुटी झाली की. सोमवार ते शुक्रवार भाईंना घरी जायची घाई नसायची. त्यांची खोली म्हणजे एक खाट आणि एक स्टोव्ह. माझ्या घरी सगळे टीव्हीपुढे असायचे आणि माझी वाट बघणारं तिथं फक्त वांग्याचं भरीत. मी दिवसभराचे माझे पराक्रम सांगायचो, भाई न हसता ऐकायचे आणि शेवटी एकच वाक्य असं टाकायचे की ठेलेवाल्याच्या हातातला कात सांडायचा. मालक बोलले, मुलगा बोलला नाही, गुडघा दुखला, सगळं मी तिथं नेऊन ठेवायचो. शनिवारी ठेला तोच असायचा, पण मी थांबायचो नाही.

आणि माझ्यासारख्या माणसानं ठरवलं, आता भाईंचा मध्यस्थ मी होणार.

पुढची परिषद परत अमरावतीला. मोर्शी रोडला संत्र्यांना मेण लावून, पेट्या भरून बाहेर पाठवणारे एक शेटजी होते. त्यांना गोदामाला माणूस हवा आहे, अशी बातमी मी काढली होती. चहाची वेळ झाली. मी जाऊन भाईंचं मनगट धरलं. ते इतके दचकले की क्षणभर त्यांना वाटलं असावं, मला चक्कर आली आहे.

शेटजींपुढे मी सुरुवात चांगली केली. इमानदार, वेळेचे पक्के, स्टोअरमधला एक नट इकडचा तिकडं नाही. शेटजी मान हलवत होते. मग त्यांनी साधाच प्रश्न विचारला: "इतकं चांगलं चालू हाये तर अकोला काहून सोडून राहिले?"

याचं उत्तर मी पाठ केलं होतं. प्रगतीची संधी, मोठ्या उद्योगाचा अनुभव, असं काहीतरी. तोंड उघडलं आणि निघालं,

"बायकोसाठी."

आसपासचे दोघंतिघं वळून बघायला लागले. भाईंनी नजर फरशीला लावली. आणि मी, गप्प बसायचं सोडून, सगळं सांगत सुटलो. पहाटेची एसटी, उर्दू शाळा, इतवारवाले अब्बा. मध्यस्थानं आपल्या पक्षाची गरज कधी दाखवायची नसते. मी ती अंगणात वाळत घातली.

शेटजींनी कप खाली ठेवला. थेट भाईंना विचारलं, "लग्न झाल्यापासून असंच?"

"जी," भाई म्हणाले.

"आन् नोकरीले खाडा?"

"सोमवारी कधी लेट नाही झालो."

शेटजी माझ्याकडे वळले. "जो मानूस इतकी वर्षं बायकोले सोडत नाही आन् कामालेही सोडत नाही, तो माह्या पेट्या सोडून कुठी जाईन?" मग भाईंना म्हणाले, उद्या गोदाम बघायला या, घर जवळ असेल तर पायीच या.

बाहेर आल्यावर भाईंनी मला झापलं. असं उघडंनागडं सोयरिकीत बोलतात का? नशीब की समोरचा माणूस बायकोवाला निघाला. बोलता बोलता त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. त्या दिवशी पाच वाजायच्या आतच ते निघून गेले. कोणाला सांगायला गेले, ते मला माहीत होतं.

त्यांची खाट आणि स्टोव्ह नेण्यासाठी आलेल्या गाडीत सामान चढवायला मी मदत केली. माझ्या सगळ्या नोकरीत नेटवर्किंगनं माझ्या हातून झालेलं हे एकच काम. आणि त्यात मी माझ्याच संध्याकाळी उचलून अमरावतीला पाठवल्या.

सुरुवातीला फोन व्हायचे. मग सणासुदीला. अकोला ते अमरावती म्हणजे काय अंतर आहे? दर आठवड्याला एक माणूस वर्षानुवर्षं ते कापत होता. पण ठेल्यावर बसून अमुक बोलला, तमुक दुखलं, हे सांगायला कोणी शंभर किलोमीटर जात नाही. ठेलेवाला काही दिवस दोन पानं पुढे करायचा. मग त्यानं ते सोडलं. मीही आता सुटी झाली की सरळ घरी जातो आणि कोणाशी काय बोलायचं राहून गेलं, ते वाटेत आठवत बसतो.

परिषदेला भाई परत आले नाहीत. हॉल त्यांच्या घरापासून जवळ आहे, पण त्यांना आता कारण उरलं नाही. चहाच्या अर्ध्या तासात लोक एकमेकांच्या मोबाइलवरचे चौकोन स्कॅन करतात. दोनशे ओळखी होतात, मनगट कोणी धरत नाही. जुने लोक मला विचारतात, भाई कुठं गेले? मी सांगतो, घरी.

यंदा दुसऱ्या दिवशीचं शेवटचं भाषण बुडवून मी त्यांच्याकडे गेलो. न कळवता. संत्र्यांचा हंगाम संपला होता, गोदाम दुपारीच सुटायचं. मनात इतकं साठलं होतं की रिक्षातच मी क्रम लावत होतो, आधी काय सांगायचं. दार भाभींनी उघडलं. आत, पंख्याखाली, भाई खुर्चीत बसल्या बसल्या झोपले होते. मान एका बाजूला, तोंड थोडं उघडं, मांडीवर अर्धी निवडलेली मेथी.

मी हाक मारणार तेवढ्यात भाभींनी ओठांवर बोट ठेवलं. मला चहा दिला, जुडी उचलून घेतली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सोने दो भाईसाब. पहले इस घर में सोते भी थे, तो जैसे चप्पल पहन के."

मी चहा संपेस्तोवर त्यांच्यासमोर बसलो. ते घोरत होते. अकोल्याची गाडी सहाची होती. शेवटी उठलो, भाभींना खुणेनंच येतो म्हटलं. दाराशी त्यांच्या चपला पडल्या होत्या, एक सुलटी, एक भिंतीकडे उलटी, कुठं जायचं नसलेल्या माणसाच्या असतात तशा. त्यांना धक्का लागू न देता मी माझ्या शोधून पायात घातल्या.