आधी माझ्या डोळ्यात

अमावस्येला कुणी उतरवून टाकलेला नारळ घरी आणून त्याची चटणी खाणारा माणूस आहे मी. असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आजही नाही. पण हे मनात ठेवून झोप लागेना, म्हणून इथे लिहितोय.

साताऱ्यात एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी टेक्निशियन आहे. डोळ्यात उजेड मारायचा, बाहुली किती आणि किती लवकर आकसते ते मशीनवर मोजायचं — रोजचं काम. एका डोळ्यात उजेड पडला की दुसऱ्याचीही बाहुली आकसते. नाही आकसली, तर काळजीचं कारण असू शकतं.

माझी आई आणि मावशी जुळ्या. पलूसजवळ आमच्या गावात दोघी सख्ख्या भावांना दिल्या, त्यामुळे मावशीच माझी काकू. ती पहिल्यापासून लय भित्री. लहानपणी कान टोचताना असो की इंजेक्शन, आई पुढे व्हायची — "आधी मला टोचा, मग तिला."

गेल्या उन्हाळ्यात मावशी गोठ्यात घसरली, डोकं गव्हाणीच्या कडेवर आपटलं. सांगलीत ऑपरेशन झालं, पण शुद्ध येईना. उजवी बाहुली मोठी झालेली, उजेडाला हलेना. आज हलली नाही तर फार आशा धरू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं.

दुपारी आईला घेऊन आयसीयूत गेलो. सिस्टरनी हातातलं बाहुली मोजायचं छोटं मशीन मावशीच्या उजव्या डोळ्यावर धरलं. आईने त्यांना थांबवलं आणि माझ्याकडे वळली.

"आधी माझ्या डोळ्यात मार रं. ती भ्याली असंल."

तिची समजूत काढायला म्हणून तिला मावशीकडे पाठ करून उभं केलं, खिशातला टॉर्च काढला आणि तिच्या उजव्या डोळ्यात मारला.

"अहो... मी अजून बटण दाबलंच नाही," सिस्टर म्हणाल्या. स्क्रीनवर मावशीची बाहुली आकसत होती.

पुन्हा मारला. पुन्हा आकसली. सिस्टरनी मशीनचा उजेड दिला — काहीच नाही. आणखी एकदा मारायला हात धजेना, तर आईनेच तो ओढून डोळ्यापाशी नेला.

थोड्या वेळाने डॉक्टर आले, आणि त्यांच्या टॉर्चला मावशीची बाहुली हलली. सूज उतरली असणार, म्हणाले. उतरली असेलही. आता मावशी चांगली हिंडतेफिरते, म्हशीची धार काढते.

मला मात्र चैन पडेना. आईला साताऱ्याला आणून मशीनसमोर बसवलं. तिची उजवी बाहुली हलत नाही. नजर उत्तम, स्कॅन उत्तम, मोठ्या डॉक्टरांनाही कारण सापडलं नाही. अजूनही अधूनमधून तपासतो.

आईला सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती.

"तिची हालती न्हवं?" तिने विचारलं.

हो म्हटलं.

"मग तिला सांगू नगंस. भिईल."