दोन उड्या आणि एक टक्

'अजून थोडं आवळ' हे ज्यानं कुणी आपल्याला शिकवलं, तो गुन्हेगार आहे. त्याला एकदा माझ्यासमोर उभा करा!

मेकॅनिकलची डिग्री घेऊन श्रीरामपुरात बाबांच्या गॅरेजात यायला लागले, त्याला वर्ष झालं. रोज ठरवते, आज कशाचाही धक्का बसवून घ्यायचा नाही. पण शटर ओढेपर्यंत एक तरी किस्सा पदरात पडतोच.

पहिल्याच दिवशी ऑफिसचं दार उघडेना. खांदा लावला तेव्हा हललं. बघते तर हँडल बिजागरीपासून चार बोटांवर!

"चाचा, हँडल दुसऱ्या कडेला हवं. बिजागरीपासून लांब ढकललं की दार सहज फिरतं."

आमचे हेडमिस्त्री रफिकचाचा म्हणाले, "तिकडचं लाकूड किडलंय, बेटा. हिकडं स्क्रू लई घट्ट बसतो!"

*

एकदा चाचांनी घरून लोणच्याची बरणी आणली. झाकण निघेना. चौघं घामाघूम! शेवटी ऑइल फिल्टर काढायचा पट्ट्याचा पाना लावला, तेव्हा फिरलं.

"एवढं कुणी आवळलं?"

चाचा अभिमानानं म्हणाले, "मीच!"

*

चाकाचे नट आवळायची आमची पद्धत म्हणजे पान्याला पाइप अडकवायचा, टोकावर चढायचं आणि दोन उड्या मारायच्या. ट्रॅक्टर असेल तर चार.

मी कळवळून सांगितलं, "चाचा, पाइप जितका लांब, तितका पीळ जास्त. बोल्ट ताणला जातो आणि चालत्या गाडीत तुटतो!"

त्यांनी मन लावून ऐकलं. दुसऱ्या दिवशी पाइप दोन फूट लांब!

"तू म्हनालीस ते खरं हाय. आता एका उडीत काम हुतं!"

*

मग मी टॉर्क रेंच आणला. ठरवलेला जोर झाला की हा पाना 'टक्' वाजतो. तिथं थांबायचं. सगळ्यांना करून दाखवलं.

परवा शाळेची व्हॅन पंक्चर होऊन आली. शाळा सुटायला अर्धा तास होता. मी फोनवर बोलायला बाहेर गेले. परत येते तर टॉर्क रेंचला पाइप लावून चाचा वर उभे!

"चाचा!!"

"अगं, कितीबी आवळला तरी टक्‌ टक्‌ करतोय. म्हनलं, वाजायचा थांबला की नट बसला!"

मी त्यांना खाली उतरवलं. नट सोडवायला घेतले. दुसऱ्याच नटाबरोबर तुटलेला बोल्ट हातात आला. थोड्या वेळानं याच चाकावर वीस पोरं घरी निघाली असती. चाचा खाली बसले.

व्हॅनचे ड्रायव्हर सॅम्युअलकाका त्या बोल्टाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले,

"चाचा, बाकीची तीन चाकं गेल्या हप्त्यात तुमीच बसवली हुती ना?"