इन्स्पेक्टरचं भिंग

टीव्हीला भिंग लावून सिनेमा बघणारा माणूस आमच्या चिखलीच्या सोसायटीत एकच होता. चाकणच्या एका कंपनीत तो गाड्यांचे सुटे भाग तपासायचा, म्हणून सगळे त्याला इन्स्पेक्टर म्हणायचे. शिफ्ट संपली तरी त्याची तपासणी संपायची नाही. आपण हौसेनं पेन ड्राइव्हवर सिनेमा आणावा, तर हा आधी फाइल केवढी ते बघणार आणि नाक मुरडणार. "दोन जीबीत पिक्चर? दाबून दाबून पार चोथा केलाय राव!"

नायक जगला की मेला, याच्याशी त्याला काडीचंही देणंघेणं नव्हतं. अंधाराचा प्रसंग आला की रिमोट हिसकावून चित्र थांबवायचा. "हे बघ, काळ्यात चौकोन फुटलेत. आकाशाला पट्टे." मला ना चौकोन दिसायचे, ना पट्टे. एकदा नायिका हमसून हमसून रडत होती, माझ्या बायकोचेही डोळे भरून आले होते आणि हा भिंगातून नायिकेचा गाल निरखत म्हणाला, "कातडी मेणाची झालीय." बायकोनं त्या दिवसापासून त्याला चहा विचारणं बंद केलं. इतका अरसिक प्राणी मी दुसरा पाहिला नाही.

त्याची आई मात्र लाखात एक. राजगुरुनगरकडची म्हातारी, खणखणीत आवाजाची. "गप की रं! आमाला दिसतंय तेवढं बास हाय," असं तीच त्याला दटावू शकायची.

आमच्या वास्तुशांतीचं शूटिंग मेहुण्यानं जुन्या मोबाइलवर केलं होतं. त्यात ही म्हातारी भटजींना जिलब्या वाढता वाढता दमात घेत होती, "लाजू नका, खावा!" आम्ही पोट धरून हसत होतो. इन्स्पेक्टरनं दोन मिनिटं बघितलं. "फोकस नाही, हात हलतोय. डिलीट कर. रिजेक्ट माल ठेवायचा नसतो, चांगल्यात मिसळतो." कंपनीत खराब भागाला लाल रंग फासून बाजूला काढतात, तसं त्यानं आमचं घरकार्य बाजूला काढलं. मी मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या.

म्हातारी गेली. तेरावं झाल्यावर तो आमच्याकडे आला. हातात भिंग नव्हतं.

"भावा, ती वास्तुशांतीची क्लिप दे ना. आई बोलते त्यात. माझ्याकडं तिचे फोटो आहेत, एक नंबर आहेत. पण आवाज कुठंच नाही. क्लिअर नव्हत्या म्हणून सगळ्या क्लिपा मीच उडवल्या." मग घाईघाईनं म्हणाला, "कशी का असेना, चालेल."

मला त्याचा नाही, माझाच संताप आला. त्यानं क्लिप रिजेक्ट केली त्या दिवशी, तो गेल्यावर मी ती एकट्यानं पुन्हा लावली होती. खरंच धूसर वाटली होती. आणि मी ती पुसून टाकली होती. मेहुण्याचा तो मोबाइलही कधीच भंगारात गेला होता.

मी खरं ते सांगितलं. तो सोफ्यावर टेकला. बायकोनं न विचारताच त्याच्यापुढे चहा ठेवला. समोर टीव्हीवर कुठलासा सिनेमा चालू होता. त्यानं मान वर केली नाही. आकाशाला पट्टे पडले होते, ते मला दिसत होते.