पीटीच्या मास्तरांचा सत्कार

अमेरिकेत येऊन मी पुष्कळ गोष्टींवर चिडले, पण युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल कोचवर चिडले तितकी मिशिगनच्या बर्फावरही नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या पेपरात त्याच्या पगाराचा आकडा छापून आला. मी त्याच युनिव्हर्सिटीत केमिस्ट्री शिकवत होते. आमच्या लॅबमधला धूर ओढणारा पंखा दुरुस्त करायला पैसे नव्हते, म्हणून आम्ही भर थंडीत खिडक्या उघडून प्रयोग करायचो. आकडा वाचून मी पेपर इतक्या जोरात आपटला की चहा सांडला.

रविवारी ट्रॉय गावातल्या आमच्या घरी पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ घेऊन यायचं. विषय अर्थातच तो. नवऱ्याचा पुण्याचा मित्र पुरणपोळीवर तूप घेत म्हणाला, "यार, एका पीटीच्या मास्तरला युनिव्हर्सिटीच्या प्रेसिडेंटपेक्षा जास्त पगार? इट्स रिडिक्युलस! शिट्टी तर फुंकायची असते!"

मी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने छताकडे. कारण सोफ्यावर माझे बाबा बसले होते. नागपूरहून पहिल्यांदाच आलेले, आणि जन्मभर शाळेत पीटीचे मास्तर.

"मी पीटीचाच मास्तर होतो," बाबा म्हणाले.

मित्राच्या घशात पोळी अडकली. "काका, मला तसं नव्हतं म्हणायचं…"

पण बाबांना राग आलाच नव्हता. त्यांचा चेहरा फुलला होता. "म्हणजे इथं पीटीच्या मास्तरला किंमत आहे!"

मी त्यांना समजावू लागले. हा धंदा आहे बाबा, तिकिटं असतात, टीव्ही असतो, खेळ नावालाच. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "पण तो पोरांना पळवते ना?"

"पळवतो."

"मग झालं. मला त्याचा सत्कार करायचा आहे."

मला हसू आलं, आणि जुने दिवसही आठवले. बाबांच्या शाळेत पीटीचा तास म्हणजे गणिताच्या सरांची हक्काची जागा. पोर्शन राहिला, की घ्या पीटीचा तास. क्रीडा महोत्सवात मैदानावर चुन्याची फक्की मारायची बाबांनी, पाहुण्यांसाठी खुर्च्या उचलायच्या बाबांनी, आणि फोटोत मुख्याध्यापक. लहानपणी हे सगळं मी पाहिलं होतं. त्यामुळे नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

कुणाला द्यावी लागली तर असू दे, म्हणून आईने बाबांच्या बॅगेत कोंबलेली एक शाल होतीच. इंडियन स्टोअरमधून नारळ आणला. कोचच्या ऑफिसात फोन केला, तर सेक्रेटरीने ताबडतोब दुसऱ्या दिवशीची वेळ दिली. एवढा मान का, ते तिथे गेल्यावर कळलं. त्याचे दोन खेळाडू माझ्या विषयात गटांगळ्या खात होते.

"प्रोफेसर, दोघंही नापास?" दारातच त्याने विचारलं.

"त्याबद्दल नाही. माझे वडील आलेत."

बाबांनी टाचा उंचावून त्याच्या खांद्यांवर शाल घातली. त्या खांद्यांवर ती रुमालाएवढी दिसत होती. मग त्याच्या हातात नारळ दिला. कोचने तो फिरवून पाहिला आणि सवयीने त्यांच्या त्या लांबट फुटबॉलसारखा काखेत घट्ट दाबून धरला. बाबांनी पसंतीची मान हलवली.

हे कशासाठी, असं त्याने विचारलं. मी सांगितलं, तुम्ही माझ्या वडिलांच्या पेशातले, म्हणून. तेव्हा तो खुर्ची ओढून बाबांच्या समोर बसला. कुठला खेळ शिकवायचात? बाबा म्हणाले, खो-खो. मग टेबलावरच्या पेनांची रांग लावून त्यांनी आख्खा डाव समजावला. मी दुभाषी. गेल्या कित्येक वर्षांत बाबांना इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

आदल्याच शनिवारी कोचची टीम सपाटून हरली होती आणि त्याला काढा म्हणून गावभर ओरड चालू होती. तो बिचारा खिडकीकडे बघत म्हणाला, "यांना विचारा, यांची टीम हरली की काय व्हायचं?"

"काहीच नाही," बाबा म्हणाले. "कोणाला माहीतच नसायचं."

मी ते इंग्रजीत सांगितलं. कोचने सुस्कारा सोडला. "किती सुखी माणूस!"

बाबा हसले. "त्याला सांग, जिंकलो तरी कोणाला माहीत नसायचं."

मला रडू आलं. ते इंग्रजीत सांगायला मला जरा वेळ लागला, आणि कोच थांबून राहिला.