साडूची तबकडी

लोखंड कातायच्या लेथवर एकतीस वर्षं काम केलेल्या एका टर्नरला कारखान्यात सगळे ‘सूतभर’ म्हणत. कुणी कुठलाही भाग घडवून दाखवला की तो डोळा बारीक करून बघायचा आणि म्हणायचा, "सूतभर चुकलंय." बहुतेक वेळा चुकलेलंच असायचं.

त्याला सलायचा एकच माणूस, त्याचा साडू. साडूचं चष्म्याचं दुकान होतं आणि नाद होता जर्मनांच्या गुप्त शस्त्रांचा. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी म्हणे त्यांनी तबकडीसारखं विमान उडवलं होतं, घंटेच्या आकाराचं कसलंसं यंत्र डोंगराच्या पोटात लपवलं होतं. दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत साडू हे रंगवून सांगायचा आणि खुर्च्या कमी पडायच्या. पहिल्या रांगेत सूतभरची बायको, शेजारी त्याची मुलगी.

"बाबा, काकांना एवढं सगळं कसं माहीत?" मुलीने एकदा जेवताना विचारलं.

"चष्म्याचं दुकान आहे. वाचायला काय जातंय?"

बायको हसली नाही. "तुम्ही घरी आल्यावर दोन वाक्यं तरी बोलता का?"

ते त्याला झोंबलं. त्याने घडवलेले दांडे कितीतरी पंपांत फिरत होते, पण त्यांची गोष्ट ऐकायला कुणी कधी खुर्ची ओढली नव्हती.

पुढच्या रविवारी साडूने तबकडीच्या इंजिनाचं ड्रॉइंग सगळ्यांना वाटलं. सूतभरने ते घडी करून खिशात टाकलं. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत लेथशेजारी उघडलं आणि डबा संपायच्या आत त्याला हवं ते सापडलं. आठवडाभर तो शीळ घालत होता.

रविवारी साडू रंगात आला असताना सूतभर उभा राहिला.

"हा मधला दांडा दोन्ही टोकांना जाड आहे. तो ज्यात फिरतो ते घर एकसंध, कुठे जोड नाही, आणि भोक टोकांपेक्षा लहान. मग दांडा आत गेला कुठून? ज्याने हे काढलं तो लेथपाशी कधी उभा राहिलेला नाही."

साडूने कागद उलटसुलट करून पाहिला. त्याचे कान लाल झाले होते. सूतभरला वाटलं, जिंकलो.

सोमवारी साडू कारखान्याच्या गेटवर हजर. "साडूभाऊ, मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. जरा दाखवता का?"

नाही म्हणायला कारण सापडेना. सूतभरने त्याला दांडा, घर, बेअरिंग हातात देऊन दाखवलं. साडू वहीत उतरवून घेत होता.

त्या रविवारी विषय होता, ‘तबकडीचं ड्रॉइंग खोटं का’. साडूने दांडा आत गेला कुठून हा प्रश्न विचारला, चष्मा काढला, पुसला, खोलीभर नजर फिरवली आणि सावकाश म्हणाला, "ज्याने हे काढलं, तो लेथपाशी, कधी उभा राहिलेला नाही."

टाळ्या पडल्या. मुलगी सगळ्यात जोरात वाजवत होती. सूतभरच्या अंगाचा तिळपापड झाला.

"हे मला माझ्या साडूभाऊंनी शिकवलं," साडूने मागे बोट दाखवलं. माना वळल्या. कुणीतरी विचारलं, "बाकीची ड्रॉइंगंही खोटीच का?"

सूतभर उठला. "बघावी लागतील," म्हणाला आणि बसला. माना पुन्हा साडूकडे गेल्या.

जिना उतरताना बायको म्हणाली, "तुमचं श्रेय दिलं की त्यांनी. आता काय झालं?"

"माझं वाक्य त्याने माझ्यापेक्षा चांगलं म्हटलं."

ती कठडा धरून हसत सुटली. तो आधी चिडला, मग घरी पोहोचेपर्यंत आपण ते वाक्य कसं म्हणायला हवं होतं, हे तिला सांगत राहिला.

आता साडू दर शनिवारी नवं ड्रॉइंग घेऊन कारखान्यात येतो. सूतभर चुका काढतो आणि रविवारी त्या साडूच्या तोंडून ऐकताना मागच्या रांगेत जळत बसतो. पण शनिवारी साडूला उशीर झाला, तर लेथ थांबवून दोनदा गेटपर्यंत जाऊन येतो.